वाचक विचारतात : कोकणातला प्लॉट अन् नागपूरचा माणूस

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले, की समुद्राकाठी जागा घ्यायची असेल तर समुद्र नंतर बघा, आधी शेजारच्या घरची विहीर बघा. झालं! इतके मेल अन् व्हॉट्सअ‍ॅप आले की गच्चीचं लिकेज, कूलरच्या पाण्याने फुगलेली भिंत वगैरे नेहमीचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. नवीन वाचकांसाठी सांगते, माझं माहेर मालवण तालुक्यातलं, घरासमोर वाळू अन् वाळूपुढे समुद्र, आणि लग्न होऊन नागपुरात आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली, घरांचे नकाशे काढायचा धंदा इथलाच. त्यामुळे दोन्हीकडची आहे आणि दोन्हीकडे बोलणी खाते.

प्रश्न : मॅडम, आम्ही चार मित्र, सगळे बँकेतून रिटायर झालेले. सिंधुदुर्गात बीचला अगदी लागून अकरा गुंठे जागा मिळतेय. एजंट म्हणतो टायटल क्लिअर आहे, एनए (बिगरशेती) होऊन जाईल, सीआरझेडचं आम्ही बघून घेऊ. सहा खोल्यांचा बंगला बांधायचा, वर्षातून दोनदा आम्ही जाणार, बाकी दिवस टुरिस्टला द्यायचा असा प्लॅन. माझ्या नावावर काटोलला संत्र्याची शेती आहे, बाकी तिघांकडे शेती नाही. जागा बघायला गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले अन् म्हणाले "हयसून वाट आसा". एजंट नुसता हसला. घेऊ का?
– एक वाचक, मनीष नगर

उत्तर : काका, "सीआरझेडचं आम्ही बघून घेऊ" हे वाक्य ऐकलं की खिशातलं चेकबुक घट्ट धरायचं. तो काय बघणार? सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाला आवर घालणारे नियम, ते केंद्राचे आहेत, पहिले आले १९९१ मध्ये, मग २०११ मध्ये बदलले, मग २०१९ मध्ये पुन्हा. आता त्यात ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेत जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं होती तिथे भरती रेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र (म्हणजे नवीन बांधकामाला बंदी असलेला पट्टा), आणि जिथे त्याहून कमी तिथे २०० मीटर. आता सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता किती, तर १६३. आपल्या नागपूर जिल्ह्याची ४७० च्या आसपास आहे, म्हणजे बघा तिकडे किती विरळ वस्ती. गावागणिक आकडा थोडा हलेल पण तुमची "बीचला अगदी लागून" असलेली जागा २०० मीटरवाल्यातच असणार असं धरून चाला, आणि त्या पट्ट्यात बाहेरच्या माणसाला नवीन बंगला बांधून भाड्याने देता येत नाही, विषय संपला. खाडीकाठी असती तर हिशोब वेगळा, तिथे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी असेल ते.

अजून एक, भरती रेषा म्हणजे तुम्ही चप्पल काढून उभे होतात अन् फेस जिथपर्यंत आला ती नाही हं. ती नकाशावर आखलेली असते, अधिकृत एजन्सीकडून तुमचा सर्व्हे नंबर त्या नकाशावर बसवून घ्यावा लागतो. तुम्ही जागा बघितली असेल दिवाळीनंतर. तेव्हा वाळू भरपूर असते. जुलैमध्ये जा एकदा, तोच किनारा अर्धा खाल्लेला दिसेल, लाटा माडांच्या मुळांशी आलेल्या असतील, पावसाळा संपला की समुद्र ती वाळू हळूहळू परत आणून टाकतो (सगळीकडे टाकतोच असंही नाही). एजंट लोक जुलैमध्ये प्लॉट दाखवत नाहीत यात सगळं आलं.

शेतजमिनीचं पण बघा. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. काटोलच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव चालेल पण बाकी तिघांचं काय? एकाच्या नावावर घेऊ अन् आपसात लिहून ठेवू असा विचार असेल तर करू नका, मैत्री पण जाईल अन् जागा पण. आणि कोकणातला सातबारा उघडून नावं मोजा. तिकडे सामाईक जमिनी असतात, एका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं सहज, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले, त्यांचे वारस कुठे ते कोणालाच माहीत नाही. सहा जणांच्या सह्या घेऊन "क्लिअर टायटल" म्हणणारे मी बघितलेत.

आता "इथून वाट आहे" म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे येते, कारण खरं तुम्हाला त्यांनीच सांगितलंय.

माझ्या माहेरी आमच्या घरापासून चार घरं सोडून एक जागा विकली गेली. घेणारा शहरातला, भला माणूस, आईला भेटायला मिठाई घेऊन आला होता. त्याने काय केलं तर आधी कंपाऊंड घातलं. कोकणात गडगा असतो, चिऱ्याचा, मांडीएवढा उंच, त्यावरून शेजारणी बोलतात, मांजरं बसतात. याने सात फूट भिंत बांधली अन् वर काचा लावल्या. त्या जागेतून समुद्राकडे जायची एक वाट होती, जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी. कुठल्याच कागदावर नव्हती, कारण कागदावर आणायची कधी कोणाला गरज पडली नाही, आजोबाच्या आजोबापासून सगळे तिथून जायचे. आणि त्या वाटेच्या टोकाला रापणीची होडी असायची.

रापण बघितली नसेल तर सांगते. होडीतून एक भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून पंधरा-वीस, वीस-पंचवीस माणसं ते ओढतात, मागे सरकत सरकत, टाचा वाळूत रुतवून. हे करायला मोकळा किनारा लागतो, नुसता समुद्र असून भागत नाही. पाण्याचा रंग बघून "मासळी लागली" सांगणारा एक जाणता माणूस असतो. जाळं वर आलं की बांगडे, तारल्या, पेडवे, आणि कावळे, कुत्री, पोरं सगळी एकदम. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, आणि टोपली धरायला आलेल्या म्हातारीच्या पदरात पण चार बांगडे पडतात. तिला कोणी मजूर म्हणत नाही, भीक पण म्हणत नाही.

वाट बंद झाली तशी माणसं लांबून वळसा घालून यायला लागली. भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन वळसा, कळतंय ना? दोन वर्षांत त्या ठिकाणी रापण लागेनाशी झाली. बाकीची कारणं होतीच, पर्ससीन नेट (मोठ्या बोटींचं, मासळीचा थवाच घेरणारं जाळं) आलं, एलईडी लाईट लावून मासेमारी आली, पोरं मुंबईला गेली, सगळं भिंतीवर ढकलणार नाही मी. पण भिंत होती. आईचं त्यावर एकच म्हणणं, "समुद्राक कोण कुलूप लायता काय गो?" अन् तो भला माणूस वर्षातून आठ दिवस येतो.

विहिरीचं शास्त्र थोडक्यात. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हलकं असतं म्हणून. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी असतं असा ढोबळ हिशोब. उलटं करून बघा, तुम्ही पंपाने पातळी एक मीटर उतरवली की कालांतराने खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं. सहा खोल्या, सहा शॉवर, समुद्रातून आलेला प्रत्येक पाहुणा दोनदा अंघोळ करणार. ग्रामीण नळयोजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात, तेवढं तर बादलीभर वाळू धुण्यातच जातं. आणि तुमची बोअर खारी झाली तर तुम्ही टँकर मागवाल, शेजारीण कुठून मागवणार? वर सेप्टिक टँक. वाळूतून पाणी झरझर झिरपतं, आपल्या काळ्या मातीसारखं धरून राहत नाही, सोकपिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) आणि विहीर जवळ आली की काय होतं ते सांगायला नको.

तर हा प्लॉट नका घेऊ. कोकणात घर हवंच असेल तर २०० मीटरच्या मागे, गावाच्या आतल्या बाजूला बघा, समुद्राचा आवाज तिथे पण येतो, रात्री तर फार छान येतो. सहाच्या तीन खोल्या करा. पावसाचं पाणी साठवा, तिकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. जागेतून कोणाची वहिवाट असेल तर ती खरेदीखतातच लिहून घ्या, रुंदीसकट, तुमच्या नंतर जो घेईल त्यालाही बांधून राहील. आणि त्या म्हाताऱ्या काकांना शोधून त्यांच्याबरोबर ती वाट एकदा चालून या, एजंटला न घेता.

प्रश्न : तुमच्या मागच्या लिखाणातून असा सूर वाटला की बाहेरच्यांनी कोकणात जाऊच नये. समुद्र काय त्यांच्या बापाचा आहे का? आमचा महालातला वाडा पाडून फ्लॅट स्कीम झाली, तेव्हा कोणी "नागपूरची ओळख" म्हणून गळा काढला नाही. आता शक्तिपीठ महामार्ग होतोय तर त्यालाही विरोध. विकास नकोच आहे का लोकांना?
– महालातला एक (आता बेसा)

उत्तर : बाप्पा, किती चिडता. समुद्र कोणाच्याच बापाचा नाही, किनारा सगळ्यांसाठी मोकळा आहे आणि राहायलाच हवा, मी तर म्हणते की म्हणूनच त्याला भिंत घालू नका. वर नाही का सांगितलं.

वाड्याचं मात्र मनाला लागलं. तुमचा वाडा पाडला तेव्हा मी असते तर गळा काढला असता, खोटं नाही सांगत. पण एक विचारते, वाडा गेल्यावर तुम्हाला काय आठवतं? सागवानी खांब आठवत असतील, पण त्याहून जास्त चौकातलं आठवत असेल ना, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन जमलेली पोरं, कोणाकडे पाहुणा आला की चारही बिऱ्हाडांत कळायचं ते? बिल्डरने फ्लॅट दिला, चौक दिला नाही, कारण चौक एफएसआयमध्ये (जागेवर किती बांधकाम करता येईल त्या हिशोबात) बसत नाही. कोकणात रापणीची जागा पण कुठल्याच एफएसआयमध्ये बसत नाही.

आणि नागपूरने काही किंमत मोजली नाही असं म्हणू नका. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, आणि लोक पहिल्या मजल्यावर जाऊन बसलेले, खाली कार तरंगतायत. नाग नदी काही नवीन नव्हती, तिची जागा आपण गुंठ्या-गुंठ्याने घेत आलो, कुठे पार्किंग, कुठे संरक्षक भिंत. माझ्या एका क्लायंटने तेव्हा मला विचारलं, मॅडम तुम्हीच नकाशा काढला होता, नाल्याचं बोलल्या का नाही? बोलले होते मी, पण हळू आवाजात बोलले होते. ते आजही टोचतं, म्हणून आता जरा मोठ्याने बोलते, तुम्हाला सूर लागला असेल तर तो हा.

शक्तिपीठचं म्हणाल तर वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत साधारण ८०२ किलोमीटरचा मूळ प्रस्ताव, जमीन जाणार म्हणून कोल्हापूरकडचे शेतकरी चिडलेले आहेत आणि बागायत जमीन असलेला कोणीही चिडेलच. मला स्वतःला माहेरी लवकर पोचायला आवडेल, नागपूर-मडगाव गाडीत बसून पाठ मोडते. माझी काळजी वेगळी आहे. रस्ता झाला की शुक्रवारी संध्याकाळी आपल्यासारखे हजार लोक कारमध्ये बसणार, आणि ज्या गावात एकच विहीर अन् एकच रस्ता आहे तिथे शनिवारी दुपारी उतरणार. त्या गावाने आधी ठरवायला हवं की खोल्या किती, कचरा कुठे, गाड्या कुठे लावायच्या. रस्त्याचं टेंडर निघायच्या आधी हे ठरलं तर गावाच्या हातात काहीतरी राहील, नंतर ग्रामसभा घेऊन नुसता चहा होतो.

प्रश्न : ताई, मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, मिहानमध्ये नोकरीला आहे, बारा वर्षं झाली नागपुरात. गावी आमचं चिऱ्याचं कौलारू घर, समुद्रापासून दीडशे मीटर असेल. धाकटा भाऊ म्हणतो पाडून तीन मजली लॉज बांधू. मी म्हटलं घर पाडायचं नाही, तर म्हणाला, "तू गणपतीला पाच दिवस येतोस, फोटो काढतोस, स्टेटस ठेवतोस आणि जातोस. गळतं तेव्हा बादल्या मी लावतो." त्यानंतर आम्ही बोललो नाही. चूक कोणाची?
– एक वाचक, नरेंद्र नगर

उत्तर : तुझी. लॉजच्या बाबतीत भाऊ चुकतोय पण बादल्यांच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर आहे, आणि भांडण बादल्यांवरून आहे रे, लॉजवरून नाही.

आपण बाहेर गेलेली माणसं गावाचा फार हट्ट धरतो. गाव तसंच राहायला हवं, कौलं तशीच, खळं (अंगण) शेणाने सारवलेलं, आणि सारवणार कोण? सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार झाली. देश वाढत होता आणि आपला जिल्हा आटत होता. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तरी. त्यामुळे जो पोरगा गावात राहून काहीतरी करू म्हणतोय त्याच्यासमोर "परंपरा" म्हणायच्या आधी दोनदा विचार कर. कुलूप लावलेली सुंदर कौलारू घरं मी पुष्कळ बघितलीत, वाळवी आधी माजघरातल्या तुळईला लागते.

आता लॉजचं. दीडशे मीटर म्हणजे तुम्ही ना-विकास क्षेत्रात. गावातल्या मूळ लोकांना तिथे स्वतःच्या घरासाठी थोडी मुभा आहे, १०० मीटरच्या पुढे, पण उंची नऊ मीटरच्या आत अन् दोन मजले, म्हणजे तळ अन् वर एक. तीन मजली लॉज होणारच नाही, आणि झालं तर कोणीतरी तक्रार करेल, मग कोर्टाच्या फेऱ्या अन् डोक्यावर कर्ज. हे भावाला तू सांगू नकोस, तुझ्या तोंडून त्याला ते बहाणा वाटेल, तिथल्याच एखाद्या इंजिनिअरकडून कळू दे.

पण एक चांगली गोष्ट आहे २०१९ च्या नियमांत, स्थानिक लोकांना राहत्या घरात होमस्टे चालवता येतो, अट एवढीच की जोत्याचं क्षेत्रफळ, घराचं डिझाईन आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे तुझं कौलारू घर हीच परवानगी आहे, पाडलं की ती गेली! मंडणगड तालुक्यातलं वेळास बघ, कासवांची पिल्लं बघायला लोक येतात, राहतात गावकऱ्यांच्या साध्या घरात, जेवतात त्यांच्याच पडवीत, तिथे कोणी तीन मजली बांधलं नाही. तुमच्याच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायकांचा बचत गट कांदळवनातून होडीने फिरवतो, वल्ही स्वतः मारतात. राज्य सरकारची निवास न्याहारी योजना आहे, भावाला चौकशी करू दे.

घराचं काय करायचं ते सांगते, हा माझा विषय. कौलं उतरवून खालचे वासे-रिपा तपासा, कुजलेल्या बदला, कौलांखाली एक थर वॉटरप्रूफ शीटचा टाका, गळणं थांबेल. स्लॅबच्या नादी लागू नका, तिकडे स्लॅब टाकतात अन् तीन वर्षांनी गळतो म्हणून त्यावर लोखंडी पत्रा चढवतात, खाऱ्या हवेत तो पत्रा गंजतो, मग पत्र्यावर ताडपत्री. पूर्ण कोकणात हे दृश्य आहे, हसू येतं अन् रडू पण. मागच्या पडवीत दोन खोल्या निघतील, संडास-बाथरूम आतच, जोतं न वाढवता. तौक्ते वादळ आलं होतं ना मे २०२१ मध्ये, तेव्हा तुमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, म्हणून सोलरचं बघून ठेवा.

आणि खर्चाचा अर्धा भाग तू दे. कर्ज नाही, वाटा. पहिला फोन पण तूच कर अन् घराचा विषय काढू नकोस, पाऊस कसा आहे ते विचार.

प्रश्न : दिवाळीत आम्ही वीस जण, पोरांसकट, तारकर्लीला चाललो. तुमचं वाचून धाकधूक वाटतेय. गावाला त्रास होऊ नये म्हणून काय करायचं?
– एक शिक्षिका, हिंगणा रोड

उत्तर : अहो जा बिनधास्त, मजा करा, लोकांचं पोट आहे त्यावर. वीस जणांनी एकाच घरावर धाड घालू नका, दोन-तीन घरांत वाटून राहा. जेवण सकाळी नऊच्या आत सांगा, मासे बाजारातून आणायचे असतात, फ्रीजमध्ये पडून नसतात, आणि वीस जणांना सुरमईच पाहिजे असा हट्ट नको, त्या दिवशी बांगडा असेल तर बांगडा खा, तो जास्त चवदार लागतो असं माझं प्रामाणिक मत आहे. रापण चालू असेल तर दोरावरून उड्या मारू नका, पोरांना दोर धरायला द्या, ओढू देतात. संध्याकाळी गाणी लावायची तर रूममध्ये लावा, तिथली माणसं पहाटे चारला समुद्रावर जातात.

कोणी वाट्यातले दोन मासे पोरांच्या हातात ठेवले तर नाही म्हणू नका. पैसे मात्र काढू नका तेव्हा.